दाल मिलमध्ये पोतं भरणारं मशीन आणि रात्रीच्या झोपेतून उठून त्याचं डोकं लावणारे शंकर आबाजी भिसे

अकोल्याच्या एमआयडीसीत गेलात तर दाल मिल शोधावी लागत नाही. नाकच पत्ता सांगतं. तुरीची टरफलं, भाजल्यासारखा तो वास आणि हवेत तरंगणारी पिवळट भुकटी. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या माणसाच्या मिलमध्ये गेलो होतो. गेलो होतो वेगळ्याच स्टोरीसाठी, पण अर्धा तास उभा राहिलो ते पोती भरणाऱ्या मशीनसमोर.

तिथला प्रकार असा होता. एक काका मशीनच्या तोंडाला रिकामा कट्टा लावतात. खटकन क्लॅम्प बसतो. वरून धो धो डाळ पडायला लागते. थोड्या वेळाने धार बारीक होते, अगदी चिमटीने सोडल्यासारखी. मग बंद. एखादा सेकंद काहीच होत नाही. मग क्लॅम्प सुटतो, कट्टा पट्ट्यावर बसून शिलाईकडे निघतो. ३० किलो. पुढचा कट्टा, परत तेच. हे काका आधी काट्यावर होते. घमेल्याने टाक, थोडं काढ, परत थोडं टाक, असं आयुष्य गेलं. आता ते फक्त कट्टा लावतात.

आणि मग ते मशीन मध्येच थांबलं. कट्टा भरलेला, तोंडाला लटकलेला, सुटायलाच तयार नाही. का थांबलं ते शेवटी सांगतो, कारण ते कळायला आधी दोन गोष्टी माहीत पाहिजेत. एक म्हणजे मशीनच्या बाजूच्या पत्र्याच्या कपाटात बसलेला, जेवणाच्या डब्याएवढा पीएलसी नावाचा प्रकार. आणि दुसरी म्हणजे शंकर आबाजी भिसे नावाचा माणूस, ज्याला अमेरिकेत लोक भारताचा एडिसन म्हणायचे आणि ज्याचं नाव आज आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या ओळीपलीकडे फारसं कुणाला आठवत नाही.

आधी पीएलसी उरकून घेऊ.

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. कारखान्यातल्या मशीनने काय करायचं, कधी करायचं, हे ठरवणारा छोटा, दणकट कॉम्प्युटर. धूळ, ऊन, धक्के, सगळं सोसतो. पण त्याचं खरं काम समजून घ्यायचं तर लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. वरण वाढणारा पातेलं घेऊन तयारच असतो, पण पानात भात पडल्याशिवाय तो पुढे येत नाही. तूपवाला वरण पडायची वाट बघतो. प्रत्येकाला आपलं काम माहीत आहे, आणि आपली पाळी कधी येते तेही माहीत आहे. पाळी घड्याळावर येत नाही, पानात काय दिसतं त्यावर येते.

कारखान्याच्या भाषेत यातल्या प्रत्येक कामाला स्टेप म्हणतात आणि पुढच्या स्टेपवर जायच्या अटीला ट्रान्झिशन. आपल्या डाळीच्या मशीनचं सांगायचं तर पहिली स्टेप, कट्टा धर. अट, क्लॅम्पचा सेन्सर हो म्हणाला पाहिजे. दुसरी स्टेप, दरवाजा पूर्ण उघड. अट, वजन साधारण २७-२८ किलोवर आलं पाहिजे. तिसरी, दरवाजा थोडासाच उघडा ठेव. अट, वजन ३० च्या किंचित अलीकडे आलं पाहिजे.

किंचित अलीकडे का? कारण दरवाजा बंद केला तरी दरवाजा आणि कट्टा यांच्यामध्ये हवेत असलेली डाळ पडणारच. तेवढी आधीच धरावी लागते. काट्यावरचे काकासुद्धा हेच करायचे, फक्त त्यांच्या हातात सेन्सर नव्हता, अंदाज होता. मग काटा स्थिर होईपर्यंत थांब, वजन तपास, क्लॅम्प सोड. संपलं. परत पहिल्या स्टेपवर.

ऐकायला सोपं वाटतं. पण इथेच नवीन पोरं मार खातात. पीएलसीचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा लॅडर नावाच्या पद्धतीत लिहितात. कागदावर शिडीसारखा दिसतो म्हणून लॅडर. हा लॅडर जुन्या रिलेच्या पॅनलच्या चित्रांवरून आला. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला रिले आणि वायरींच्या जंगलाचा कंटाळा आला होता, कारण गाडीचं मॉडेल बदललं की अख्खं पॅनल नव्याने ओढावं लागायचं. तेव्हा डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला. कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रोजेक्ट म्हणून ०८४. इलेक्ट्रिशियन लोकांना नवीन भाषा शिकायला लागू नये म्हणून त्यात रिलेच्या चित्रासारखीच भाषा ठेवली.

आता या शिडीतली सगळी पायरी-ओळ पीएलसी एका दमात वरून खाली वाचतो, आणि सेकंदात कित्येकदा वाचतो. त्याला आपणहून कळत नाही की मी आत्ता तिसऱ्या स्टेपमध्ये आहे. ते लक्षात ठेवायची सोय आपल्यालाच करावी लागते. म्हणून प्रत्येक स्टेपसाठी एक खूण ठेवतात, एक बिट. चालू किंवा बंद. नियम एकच, पण तो पाळला नाही तर वाट लागते. पुढच्या स्टेपची खूण चालू केली की मागच्याची बंद करायची. विसरलात तर दोन स्टेप एकाच वेळी जिवंत. म्हणजे क्लॅम्प सोड हे पण चालू आणि दरवाजा उघड हे पण चालू. पुढे काय होईल ते सांगायला नको. खराटा घेऊन डाळ गोळा करत बसायचं.

हे सगळं चौकटी आणि बाणांच्या आकृतीत मांडायची पद्धत फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ग्राफसेट नावाने आली आणि तीच पुढे पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय मानकात सिक्वेन्शिअल फंक्शन चार्ट म्हणून बसली. एका चौकटीत एक स्टेप, खाली आडवी रेघ म्हणजे अट, मग पुढची चौकट. मशीन कुठे अडकलंय ते आकृती बघून कळतं.

आता विषयावर येऊ. यातलं इलेक्ट्रॉनिक्स नवीन आहे. पण एकामागून एक पायऱ्या, आणि आधीची झाल्याशिवाय पुढची नाही, हा विचार नवीन नाही. ट्रान्झिस्टर नव्हता तेव्हाही लोक हेच करत होते. लोखंडाच्या दांड्या, तराजूचे काटे, कॅम आणि स्प्रिंगा यांच्या जोरावर. आणि त्यातला एक आपला माणूस होता.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. लहानपणापासून हाताला चैन नाही. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण बनवलं होतं. आजच्या चौदा वर्षांच्या पोराने असं काही केलं तर रील व्हायरल होईल, तेव्हा बहुधा घरच्यांनी कान धरला असेल. सोळाव्या वर्षी त्यांचं ठरलं होतं की शोध लावायचे तर इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचं.

लगेच जाता आलं नाही. मग मुंबईतच जे सुचेल ते सुरू. कुणी उघडून भेसळ केली तर लगेच कळेल अशी बाटली. सायकलला लावायची विजेची उपकरणं. दृष्टिभ्रमाचे प्रयोग, म्हणजे समोर एक वस्तू आहे आणि बघता बघता ती दुसरीच होते. आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी स्टेशन दाखवणारं यंत्र. आज लोकलच्या डब्यात पुढचं स्टेशन कोणतं ते लाल अक्षरात येतं ना, त्या गरजेवर हा माणूस एकोणिसाव्या शतकात विचार करत होता. स्टेशनं एका क्रमाने येतात, एक आलं की पाटी एक घर पुढे सरकली पाहिजे. हे पण स्टेपचंच काम.

खरी कलाटणी मिळाली ती एका स्पर्धेने. लंडनच्या इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड या नियतकालिकाने एक आव्हान दिलं होतं. साखर, पीठ असा किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा. काळ १८९० च्या दशकाचा शेवट. भिसे पहाटेच्या आधी कधीतरी झोपेतून उठले, कागदावर रेघोट्या मारायला लागले, आराखडा तयार झाला आणि तो त्यांनी लंडनला धाडून दिला. निकाल लागला तेव्हा सगळे ब्रिटिश स्पर्धक मागे होते आणि मुंबईचा एक तरुण पहिला होता.

थोडं थांबून हा प्रश्न किती कठीण आहे ते बघा. सेन्सर नाही, मोटर नाही, प्रोग्रॅम नाही. माल स्वतःच्या वजनाने खाली येणार, आणि त्याच वजनाने यंत्राला सांगायचं की आता बस. त्या काळच्या धान्य तोलणाऱ्या आपोआप काट्यांचं साधारण तत्त्व असं असायचं की भांडं तराजूच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला वजन. माल ठरल्याएवढा झाला की दांडी झुकते. झुकणारी दांडीच वरचा दरवाजा लावते. दरवाजा लागला की मगच खालची खिट्टी सुटते. भांडं रिकामं झालं की दांडी परत वर. म्हणजे अट आणि कृती दोन्ही एकाच लोखंडी दांडीत. साखर आणि पीठ हे त्यातल्या त्यात वाईट गिऱ्हाईक. साखर सरसर पळते, पीठ दरवाजातच गठ्ठा होऊन बसतं. दाल मिलवाल्याला विचारा, डाळ आणि बेसन एकाच मशीनवर भरायला सांगितलं तर तो तुम्हाला दारातूनच परत पाठवेल.

भिसेंच्या यशाने मुंबईतली मोठी माणसं जागी झाली. दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावाने शिफारसपत्र दिलं. वाच्छा म्हणजे काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या फळीतले नेते. १८९७ चं काँग्रेस अधिवेशन आपल्या अमरावतीला झालं, शंकरन नायर अध्यक्ष आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष, त्या काळात वाच्छा काँग्रेसचे चिटणीस होते. तर अशा माणसाची चिठ्ठी खिशात घेऊन, शतक बदलता बदलता, भिसे लंडनला पोचले.

दादाभाईंनी नुसती चिठ्ठी वाचून चहा पाजून पाठवलं नाही. त्यांनी पैसे घातले. इथे मला स्वतःला थोडं आश्चर्य वाटलं होतं. दादाभाई म्हटलं की आपल्याला शाळेतला संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत आठवतो, भारताचा पैसा इंग्लंडला कसा जातो ते. हा हिशोब मांडणारा म्हातारा माणूस लंडनमध्ये बसून एका मराठी तरुणाच्या यंत्रांना भांडवल पुरवत होता. विचार केला तर ते एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. यंत्रं जर फक्त त्यांचीच असतील तर पैसा तिकडेच जाणार.

लंडनमधलं पहिलं मोठं काम होतं विजेच्या जाहिरातीचा बोर्ड. तो क्रिस्टल पॅलेसमध्ये लागला होता. त्या काळी चमकणाऱ्या, बदलणाऱ्या जाहिरातींमागे साधारणपणे एक फिरणारा दंडगोल असायचा, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. दंडगोल फिरला की ठरलेल्या क्रमाने दिवे लागायचे, विझायचे. आपल्या घरातल्या जुन्या वॉशिंग मशीनचा टायमर उघडून बघितला असेल तर त्यात हेच आहे. कर्र कर्र करत फिरणारी प्लॅस्टिकची चकती. ती घड्याळावर चालते, पंगतीसारखं पानात बघत नाही. म्हणून पाणी आलं नाही तरी ती बिचारी धुतच राहते.

याशिवाय स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप फ्लश होणारा संडास. हसू नका. टाकी हळूहळू भरणार, ठरावीक पातळी आली की एकदम रिकामी होणार आणि परत भरायला लागणार. माणसाने हात लावायचा नाही. १९०५ च्या आसपास तर त्यांनी बायकांच्या कपड्यांतही डोकं घातलं होतं. सगळं चाललं असं नाही. शोधक माणसाच्या खिशात दहा कागद असतात, त्यातला एखादा घर चालवतो.

तो एक कागद भिसेंच्या मते टाइप ओतायच्या यंत्राचा होता. आणि इथून त्यांच्या आयुष्याची खरी गोष्ट सुरू होते.

छपाईचे खिळे माहीत असतील तर ठीक, नसतील तर थोडक्यात. पूर्वी छापायचं म्हणजे प्रत्येक अक्षराचा धातूचा वेगळा तुकडा, त्याला खिळा म्हणायचे. कंपोझिटर ते एकेक उचलून ओळ लावायचा. मुंबईचं निर्णयसागर असो की अकोल्याहून निघणारं वऱ्हाड समाचार, सगळीकडे तीच रीत. त्यातून आपली देवनागरी. जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार धरून शेकडो प्रकारचे खिळे लागायचे. छापून छापून ते झिजायचे. मग नवे ओतायचे.

खिळा ओतणं हे पीएलसीच्या वर्गात शिकवावं असं उदाहरण आहे. अक्षराचा साचा जागेवर आणा. पेटी घट्ट बंद करा. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस पंपाने आत मारा. थांबा. थंड होऊ द्या. पेटी उघडा. खिळा बाहेर ढकला. यातली एक पायरी जरी लवकर झाली तरी उकळता धातू अंगावर. उशीर झाला तर मशीनचा वेग गेला आणि धंदा गेला. म्हणजे सगळा खेळ थांबा या एका पायरीवर. किती थांबायचं?

त्या वेळी बाजारात दोन मोठे पैलवान होते. लायनोटाइप, जे १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये चालू झालं, ते अख्खी ओळच एका तुकड्यात ओतायचं. आणि मोनोटाइप, जे एकेक अक्षर ओतायचं. मोनोटाइपची गंमत ऐकण्यासारखी आहे. एका कीबोर्डवर माणूस मजकूर ठोकायचा, त्याने कागदाच्या पट्टीला भोकं पडायची. ती पट्टी दुसऱ्या मशीनवर चढवायची. भोकांतून दाबाची हवा जायची आणि ठरवायची की आता कुठलं अक्षर. पट्टी उलटी, शेवटाकडून वाचली जायची, कारण ओळीत मोकळी जागा किती सोडायची हे ओळ संपल्यावरच कळतं. भोकांची पट्टी म्हणजे प्रोग्रॅम, सरळ आहे.

या दोघांसमोर भिसेंनी आपलं भिसोटाइप उभं केलं. म्हणणं असं की त्यांच्यापेक्षा वेगाने आणि स्वस्तात टाइप ओतून देतो. यंत्र जाणकारांच्या नजरेत भरलं. अडचण यंत्राची नव्हती. अडचण नेहमीचीच होती.

पैसा.

दादाभाईंनी भिसेंची गाठ हेन्री हिंडमन यांच्याशी घालून दिली. हिंडमन म्हणजे ब्रिटनमधल्या समाजवादी चळवळीचे जवळजवळ जनकच, आणि भारताच्या बाजूने बोलणारे. समाजवादी नेता भांडवल गोळा करणार हे वाचूनच थोडी पाल चुकचुकते. त्यांनी मोठी रक्कम उभी करायचा शब्द दिला. १९०७ मध्ये तो शब्द कोसळला. त्याच वर्षी दादाभाई वयोमानाने थकून भारतात परतले. भिसेंकडे यंत्र होतं, पेटंट होती, आणि ते पुढे न्यायला दमडी नव्हती. ज्यांच्याशी टक्कर घ्यायची होती त्या कंपन्यांचे कारखाने दोन खंडांत पसरलेले.

डिसेंबर १९०८. भिसेंनी गाशा गुंडाळला आणि मुंबईच्या बोटीत बसले.

त्याच बोटीत गोपाळ कृष्ण गोखले होते.

हे सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू काहीही दाखवतात. पण झालं तसंच. समुद्रावरचे दिवस लांब असतात, बोलायला भरपूर वेळ. गोखल्यांनी ऐकून घेतलं, आणि भारतात उतरल्यावर भिसेंसाठी शब्द टाकला तो रतन टाटांकडे. थांबा, नॅनोवाले रतन टाटा नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, सर रतनजी टाटा. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी नवल टाटांना दत्तक घेतलं, आणि नवल टाटांचे चिरंजीव ते आपल्याला माहीत असलेले रतन टाटा. तर हे जुने रतन टाटा दिलदार माणूस. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्यालाही त्यांनी पैसे दिले होते, तिथेही मध्ये गोखलेच.

१९१० च्या सुमारास टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे परत लंडनला. आता मागे खंबीर नाव होतं. यंत्रावर काम सुरू झालं, सुधारणा झाल्या, नवी मॉडेल तयार झाली. पण नवं यंत्र बाजारात आणायचं म्हणजे एक नमुना चालवून दाखवणं नव्हे. दहा छापखान्यांत ते दहा वर्षं बिनतक्रार चाललं पाहिजे, सुटे भाग मिळाले पाहिजेत, दुरुस्तीला माणूस गेला पाहिजे. एमआयडीसीत कुठल्याही छोट्या मशीन बनवणाऱ्याला विचारा, पहिलं मशीन विकणं सोपं असतं, तिसऱ्या वर्षीचा फोन उचलणं अवघड. एवढं होईपर्यंत १९१४ चं महायुद्ध आलं. इंग्लंडमधले कारखाने युद्धाच्या कामाला लागले. पुढे रतन टाटांची तब्येत ढासळली, १९१८ मध्ये ते इंग्लंडमध्येच गेले. त्याआधीच सिंडिकेटचा गाडा थांबला होता.

माझ्या मते भिसेंच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ हाच. वय पन्नाशीला टेकलेलं. दोनदा उभं केलेलं दोनदा पडलेलं. आणि दोन्ही वेळा यंत्र नापास झालं म्हणून नाही. गंमत बघा, एकामागून एक पायऱ्या बिनचूक चालवणारी यंत्रं बनवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गोष्टीत दर वेळी एकच पायरी अडत होती.

ते महायुद्ध सुरू असतानाच अमेरिकेला निघून गेले. न्यूयॉर्क. सुरुवातीचे दिवस हालाचे. पण तिथे टाइप ओतायच्या यंत्राला गिऱ्हाईक मिळालं. युनिव्हर्सल टाइप मशीन कंपनीशी जमलं, आणि १९२० च्या सुमारास भिसे आयडियल टाइप कास्टर कॉर्पोरेशन या नावाने स्वतःचं नाव दारावर लागलं. ज्या देशात लायनोटाइप आणि मोनोटाइप जन्मले, तिथे मराठी आडनावाची टाइप ओतणारी कंपनी.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पैसा आणि प्रसिद्धी त्यांना खऱ्या अर्थाने मिळवून दिली ती वेगळ्याच वस्तूने. लंडनला असताना ते एकदा आजारी पडले होते, भारतातून मागवलेल्या एका औषधाने बरे झाले. हा माणूस बरा होऊन गप्प बसणारा नव्हता. त्या औषधात काय आहे ते शोधलं, आयोडीन सापडलं. त्यावर पुढे काम करून अमेरिकेत त्यांनी ॲटोमिडीन नावाचं आयोडीनचं औषध काढलं. ते कशाकशावर चालतं याचे त्या काळी जे दावे झाले ते आज कुठला डॉक्टर मान्य करणार नाही, आणि आयोडीन मनाने घ्यायची वस्तूही नाही. पण विकलं गेलं खरं. यंत्राने जे दिलं नाही ते बाटलीने दिलं.

डोक्यातली यंत्रं मात्र थांबली नाहीत. सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट असा हिशोब त्यांच्या नावावर सांगितला जातो. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचा एडिसन म्हणायला सुरुवात केली. आणि डिसेंबर १९३० मध्ये ते न्यू जर्सीला जाऊन खुद्द थॉमस एडिसन यांना भेटले. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे, भिसे ६३. पुढच्याच वर्षी एडिसन गेले.

७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये शंकर आबाजी भिसे यांचं निधन झालं. अडुसष्ट पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. त्यांचं भिसोटाइप देवनागरी छपाईच्या उपयोगी पडावं तसं कधी पडलं नाही. आपल्याकडचे छापखाने पुढची कित्येक वर्षं हातानेच खिळे जुळवत राहिले, आणि मग फोटो टाइपसेटिंग आणि कॉम्प्युटर आल्यावर धातूचा टाइपच गेला. खिळे भंगारात किलोवर विकले गेले. शिशाला भाव चांगला होता म्हणे.

वजन करून माल भरायचं कोडं मात्र संपलं नाही. ते अकोल्याच्या मिलमध्ये रोज हजारो वेळा सुटतं. लोखंडी दांडीच्या जागी लोडसेल आला, म्हणजे वजनाने किंचित वाकणारा धातूचा तुकडा आणि त्यावर चिकटवलेली तार. खिट्टीच्या जागी हवेवर चालणारा सिलिंडर. आणि कधी काय करायचं ते पीएलसीत. पायऱ्या त्याच.

आमच्याकडे अमरावतीला पॉलिटेक्निक आणि आयटीआयमध्ये पोरं हे शिकतायत, नांदगाव पेठच्या टेक्सटाइल पार्कात अशी मशीनं भरपूर आहेत. पण एक दुखणं सगळ्यांकडून ऐकलं. बाहेरून आलेल्या बऱ्याच मशीनमधला प्रोग्रॅम पासवर्ड टाकून बंद असतो. दरवाजा अर्धा किलो आधी बंद करायचा म्हटलं तरी त्या कंपनीच्या माणसाची वाट बघायची, त्याचं येण्याजाण्याचं भाडं भरायचं. तोवर मिल थांबलेली. मशीन आपलं, वीज आपली, डाळ आपली, पायऱ्या मात्र दुसऱ्याच्या कुलपात. अकोल्याच्याच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी मिनी दाल मिल बनवली ती याच्या बरोब्बर उलट, गावातला मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकेल अशी.

आणि हो, ते थांबलेलं मशीन.

मालकाने फोन हातात घेतला होता. काका म्हणाले थांबा जरा. त्यांनी कपाटाच्या दारावरचा छोटा स्क्रीन बघितला, त्यावर स्टेपचा आकडा होता, चार. चार म्हणजे वजन झालं, आता दरवाजा पूर्ण लागल्याची खात्री कर. दरवाजा तर लागलेला दिसत होता. पण दिसणं आणि सेन्सरने हो म्हणणं यात फरक आहे. काका स्टुलावर चढले, वर दरवाजाच्या बाजूला बसवलेला सुपारीएवढा सेन्सर शोधला. त्याच्यावर तुरीच्या भुकटीचा थर बसला होता, दोन बोटं जाड. खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला.

खटकन क्लॅम्प सुटला आणि कट्टा शिलाईकडे निघाला.